तळे न बुजवता बांधलेली मशीद: मुंबईच्या जुम्मा मशिदीचा अभ्यास

क्रॉफर्ड मार्केटपाशी बसमधून उतरून शेख मेमन स्ट्रीटने झवेरी बाजाराकडे निघालेला माणूस जुम्मा मशिदीच्या कुशीतून जातो, आणि बहुतेक वेळा त्याला ते कळतही नाही. एका बाजूला मंगलदास मार्केटचे कापड, दुसऱ्या बाजूला जंजीकर स्ट्रीटची गर्दी, मध्ये हातगाड्या आणि दुकानांच्या पाट्या. मशिदीभोवती दुमजली, गच्चीच्या इमारतींचे कडे आहे आणि त्यांच्या तळमजल्यावर दुकाने आहेत. बाहेरून दिसतो तो बाजारच. आत मात्र काळ्या दगडाच्या कमानी थेट पाण्यातून वर आलेल्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर अख्खी मशीद उभी आहे.

‘तळ्यावरची मशीद’ म्हणून तिचे कौतुक बरेच जण करतात. फोटो काढतात, मासे बघतात, पुढे जातात. मला तिच्यात वेगळेच काही दिसते. ही इमारत एका अटीतून घडली आहे. जमीन मिळाली ती तळे राखण्याच्या अटीवर. त्या अटीने पाया कसा घालायचा हे ठरवले, वरचे बांधकाम किती हलके असावे हे ठरवले, दुरुस्तीचे वेळापत्रकही ठरवले. आणि शहरातली बहुतेक तळी बुजत गेली तेव्हा याच अटीने हे पाणी वाचवले. हे प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडायला हवे, कारण त्यातला प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचे कारण आहे.

मशीद का हलली?

मुंबईची जुनी जुम्मा मशीद आजच्या जागी नव्हती. ती किल्ल्याच्या तटाबाहेर, पुढे ज्याला एस्प्लनेड म्हणू लागले त्या पट्ट्यात होती. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मैदाने म्हणजे त्याच पट्ट्याचे उरलेले तुकडे.

फोर्टचा तट गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, 1716 च्या सुमारास पुरा झाला. तेव्हा तटाबाहेर नारळीच्या वाड्या, झोपड्या, घरे, देवळे, मशिदी असे सगळे होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. तटाभोवती खंदक खणला गेला, व्यापाऱ्यांनी त्यासाठी वर्गणी दिली. पुढे फ्रेंचांची धास्ती आली. तटाबाहेर माडांची राई आणि घरे असतील तर शत्रूला आडोसा मिळतो आणि तोफेच्या माऱ्याला मोकळी जागा राहत नाही. म्हणून तटासमोरची जमीन टप्प्याटप्प्याने साफ करायचे ठरले. 1803 च्या फेब्रुवारीत फोर्टमध्ये मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद झाली.

या साफसफाईत 1770 च्या सुमारास जुन्या जुम्मा मशिदीवर हुकूम आला. ती एकटीच हलली असे समजू नये. ज्या देवीच्या नावाने शहर ओळखले जाते त्या मुंबादेवीचे मूळ देऊळही बोरीबंदरच्या बाजूला होते, आणि तेही किल्ल्याच्या सोयीसाठी अठराव्या शतकातच आत, गावठाणाकडे सरकले. आज मुंबादेवीचे देऊळ आणि जुम्मा मशीद यांच्यात चालत काही मिनिटांचे अंतर आहे. दोन्ही एकाच लष्करी धोरणाने उठवल्या गेलेल्या आणि एकाच वस्तीत येऊन ठरलेल्या जागा आहेत. मुंबईच्या इतिहासात ही दोन नावे एका वाक्यात फारशी येत नाहीत, याची मला खंत वाटते.

आणि ज्या तटासाठी एवढी उलथापालथ झाली तो तट गव्हर्नर बार्टल फ्रिअरने 1860 च्या दशकात पाडून टाकला.

बाग, तळे आणि अट

तटाबाहेर, उत्तरेकडे जी देशी वस्ती वाढत होती तिथे एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची मोकळी जागा होती. बाग होती आणि बागेत मोठे तळे. मशिदीसाठी त्याने जागा द्यायचे कबूल केले, पण तळे जसेच्या तसे राहिले पाहिजे, अशी अट घातली.

त्याने असे का म्हटले असावे, हे समजायला त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणावी लागते. नळ नव्हते. विहार तलावाचे पाणी शहरात यायला 1860 उजाडले, तुळशीचे 1879 मध्ये आले, तानसाचे 1892 मध्ये. त्याआधी शहर जगायचे ते विहिरींवर आणि तळ्यांवर. समुद्राने वेढलेल्या बेटावर गोडे पाणी ही संपत्ती होती. पूर्वेला डोंगरीचा उंचवटा, पश्चिमेला मलबार हिलची टेकडी आणि मधला भाग सखल, त्यामुळे या भागात जमिनीखालचे पाणी फार खोल नव्हते. ज्याच्या बागेत बारमाही पाणी आहे तो ते बुजवू देणार नाही, हे साहजिक होते. मुसलमान दात्याच्या दृष्टीने त्याला आणखी एक अंग होते. पाण्याची सोय करणे हे मोठे पुण्यकर्म मानले जाते, आणि मशिदीला तर वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, पाणी लागतेच. म्हणजे अट घालणाऱ्याने मशिदीपुढे अडचण उभी केली आणि तिची रोजची गरजही त्याच अटीने भागवली.

अडचण मात्र खरी होती. जागेचा मोठा भाग पाण्याने व्यापलेला. मशीद तळ्याच्या काठावर बांधली असती तर अंगण फारसे राहिले नसते. तळे अर्धे बुजवले असते तर अट मोडली असती. बांधणाऱ्यांनी तिसरा मार्ग काढला. तळ्यावरच एकमजली इमारत उभी केली आणि पाणी खाली तसेच ठेवले.

बांधकाम 1775 मध्ये सुरू झाले. त्याच साली राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले. शहराला ते दिवस स्वस्थतेचे नव्हते. मशिदीचे काम रखडले त्याचे कारण मात्र घरचेच होते. जागेच्या मालकीवरून वाद निघाला आणि इमारत पुरी व्हायला 1802 साल उजाडले. सत्तावीस वर्षे. तोवर आसपासची वस्ती दाट होत गेली. याच काळात, 1796 मध्ये, बेने इस्रायली समाजाचे शार हारहमीम हे प्रार्थनामंदिर जवळच उभे राहिले. मशीद बंदर स्थानकाचे नाव जुम्मा मशिदीवरून नव्हे, तर या ज्यू प्रार्थनामंदिरावरून पडले असे मानले जाते. मराठी बोलणारे ज्यू आणि मराठीला अगदी जवळची बोली बोलणारे कोकणी मुसलमान एकाच दशकात, हाकेच्या अंतरावर आपापली प्रार्थनास्थळे बांधत होते.

साल सांगणारी अक्षरे

1802 हे साल कशावरून? फार्सी परंपरेत इमारतीचे साल अक्षरांत गुंफायची पद्धत आहे. प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेली किंमत असते आणि योग्य शब्द निवडले की त्यांची बेरीज हिजरी साल देते. जुम्मा मशिदीच्या सालासाठी जे शब्द निवडले ते ‘जहाज़-ए-आखिरत’, म्हणजे परलोकीचे जहाज.

बेरीज आपणही करून पाहू शकतो. जीमचे 3, हेचे 5, अलिफचा 1, ज़ेचे 7, मिळून जहाज झाले 16. आखिरतमध्ये अलिफचा 1, खेचे 600, रेचे 200, तेचे 400, मिळून 1201. दोन्ही मिळून 1217. हिजरी 1217 हे वर्ष मे 1802 मध्ये सुरू झाले. हिशोब चोख बसतो.

शब्द निवडणारा कोणत्या समाजात वाढला हेही यातून कळते. कोकणी मुसलमान समाजात नाखवे होते, जहाजांचे मालक होते, अरबस्तानापासून मलबारपर्यंत व्यापार करणारे होते. पुढच्या पिढीत याच समाजातले मुहम्मद अली रोगे हे सर जमशेटजी जीजीभाईंबरोबर चीनच्या व्यापारात भागीदार झाले. पाण्यावर उभ्या असलेल्या मशिदीला दर्यावर्दी माणसांनी जहाज म्हणावे, यात दूरची कल्पना काहीच नव्हती. त्यांनी समोर जे पाहिले तेच अक्षरांत बांधले.

पाण्यावर इमारत उभी राहते कशी?

आता बांधकामाकडे येतो. माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि नेमके हेच बहुतेक वर्णनांत ओझरते येते.

तळ्यात साधारण दहा फूट पाणी असते. ते तळाच्या झऱ्यांतून येते. बाहेरून आणून भरलेले नाही. या पाण्याच्या तळातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर येतात आणि सगळ्या इमारतीचा भार पेलतात. त्यावरचा वरचा मजला लाकडी खांबांच्या पाच ओळींवर तोललेला आहे. प्रत्येक खांबात धर्मग्रंथ ठेवायला लहान कप्पा आहे. नमाजाला आलेल्या माणसाने हात लांब केला की कुराणाची प्रत हाती यावी, इतकी ती जवळची जागा.

खाली दगड आणि वर लाकूड, ही मांडणी नीट विचार करण्याजोगी आहे. झरे असलेल्या ओल्या तळावर जितका भार कमी, तितके इमारत खचण्याचे भय कमी. वर दगडी घुमट, जाड भिंती आणि उंच मिनार चढवले असते तर तो सगळा भार ओल्या जमिनीवर आला असता, आणि तोही एकसारखा नव्हे. एक कोपरा सूतभर खाली गेला की घुमटाला तडा जातो. लाकडी खांब आणि तुळयांची इमारत थोडी हालचाल सोसते, सांधे किंचित सरकतात, पण इमारत तग धरते. कोकणातल्या माणसाला हे काही नवे नव्हते. कोकणपट्टीवरच्या जुन्या मशिदी, देवळे आणि घरे या सगळ्यांत लाकडी खांब आहेत, पावसाचा मारा झेलणारी छपरे आहेत. शिवाय मुंबईत सागवानाची वाण नव्हती. 1736 मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने इथल्या गोदीत सागवानी जहाजे बांधण्याची परंपरा उभी केली होती. लाकूड जाणणारे कारागीर शहरात होतेच.

पाण्यात मात्र दगडच हवा. मुंबईचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. घट्ट, पाणी न शोषणारा, दाब सोसण्यात पक्का. कमानीचा गुण असा की ती वरचा भार निव्वळ दाबात रूपांतरित करून खाली नेते, दगडावर ताण येऊ देत नाही. दोन पायांच्या मधली जागा मोकळी राहते, म्हणून पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे खेळते राहते. भरीव भिंती घातल्या असत्या तर तळ्याचे कप्पे झाले असते आणि एखाद्या कप्प्यात पाणी कुजले असते. कमानींमुळे अट फक्त शब्दाने पाळली गेली असे झाले नाही, तळे खरोखर एकसंध राहिले.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. आज दिसणाऱ्या सोळा कमानी 1802 च्या नाहीत. त्या 1874 मध्ये बांधल्या गेल्या. काठाच्या दगडी पायऱ्या आणि बांध 1893 चे. दक्षिण बाजूला आणखी दोन कमानी आल्या त्या 1898 मध्ये. वरचा मजलाही मूळच्या एकमजली इमारतीवर नंतर चढलेला. ‘दोनशे वर्षांपूर्वीच्या कमानींवर उभी मशीद’ असे लिहिले जाते ते चूक आहे, आणि त्या चुकीने या इमारतीवर अन्याय होतो. एकदा बांधून विसरलेली ही वास्तू नव्हे. माणसांनी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरून तिचे पाय भक्कम केले आहेत. वरून मशीद चालू, नमाज चालू, भोवती बाजार चालू, आणि खाली दहा फूट पाण्यातले काम. झऱ्यांचे पाणी उपसत, बांध घालत, टप्प्याटप्प्याने कमानी उभारणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना ज्याने भर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना पाहिला आहे त्याला येईल.

1893 चे साल मला विशेष बोलके वाटते. तानसाचे पाणी शहराला आदल्याच वर्षी मिळाले होते. पिण्यासाठी या तळ्याची गरज आता उरली नव्हती. तरी तेव्हाच काठाला चिरेबंदी पायऱ्या घातल्या गेल्या. म्हणजे कोकणी मुसलमान जमातीने तळ्याकडे पाण्याचा जुना साठा म्हणून पाहिले नाही, मशिदीचा भाग म्हणून पाहिले. 1896 मध्ये प्लेगची सुरुवात इथून जवळच, मांडवीत झाली. 1898 मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद करायचे काम निघाले. सगळीकडे हवा आणि पाणी यांच्याबद्दल भीती पसरलेली असताना त्याच साली इथे दोन कमानी वाढल्या.

पायरीवरून पाहताना

मुख्य दरवाजा पूर्वेला आहे. मक्केची दिशा मुंबईहून जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली, सुमारे दहा अंशांनी. त्यामुळे पूर्वेकडून आत शिरणारा माणूस आपोआप किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करूनच चालतो. आधी मोकळे अंगण, मग पाणी, मग नमाजाची जागा. क्रमात कुठेही वळण नाही. वजू हा नमाजाच्या आधीचा भाग, आणि वाटेतच पाणी येते.

पायरीवर बसून वजू करणाऱ्याला निरखून पाहिले तर पायऱ्यांची उंची का महत्त्वाची हे कळते. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, ओल्या हाताने डोके, कान आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. हे सगळे उकिडवे किंवा बसून करायचे असते. पाण्याची पातळी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते. सपाट काठ असता तर चैत्र-वैशाखात पाण्यापर्यंत हात पोचला नसता. पायऱ्या असल्या की पाणी उतरले तरी माणूस एक पायरी खाली सरकतो, एवढेच. हात बुडवला की मासे जवळ येतात. सोनेरी आणि रुपेरी मासे या तळ्यात शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनांतही आहेत. कासवेही आहेत.

याच पाण्यात एवढ्या लोकांनी वजू करायचे, तर ते शुद्ध कसे राहते? फिक्‌हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत याचे उत्तर आहे. कोकणी मुसलमान शाफी पंथाचे. शाफी मतानुसार पाणी ‘दोन कुल्ला’, म्हणजे ढोबळमानाने दोनशे लिटरच्या आसपास किंवा जास्त असेल, तर रंग, चव किंवा वास बदलल्याशिवाय ते अशुद्ध ठरत नाही. उत्तरेकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. त्यांच्यात मोठ्या पाण्याचा हिशोब दहा हात लांब आणि दहा हात रुंद अशा क्षेत्राने करतात. दहा फूट खोल, झऱ्यांनी सतत भरणारे तळे या दोन्ही मापांच्या कितीतरी पलीकडे जाते. मुंबईसारख्या शहरात कोकणी, मेमन, बोहरा, पठाण, उत्तर हिंदुस्थानी असे सगळे एका बाजारात वावरतात, तिथे पाण्याच्या शुद्धतेवरून वाद उरू नये, ही लहान सोय नव्हती.

दिल्लीची जामा मशीद किंवा विजापूरची जामी मशीद डोळ्यांपुढे आणली तर फरक स्पष्ट होतो. दिल्लीला शाहजहानने 1650 च्या दशकात उंच चौथऱ्यावर मशीद उभारली, ती दुरून दिसावी म्हणूनच. तिच्या अंगणातला हौद मशिदीसाठी बांधलेला. विजापूरला आदिलशाहीची सत्ता आणि खजिना मागे होता. मुंबईत सुलतान नव्हता. राज्य एका ख्रिस्ती व्यापारी कंपनीचे, बांधणारे व्यापारी, जागा दानाची आणि भोवती चढत्या भावाचा बाजार. त्यामुळे इथे दर्शनी भव्यता नाही. तळे आधीचे आणि मशीद त्याच्या तब्येतीने घडलेली. दर्शनी भव्यता नसलेल्या वास्तूंचा अभ्यास आपल्याकडे कमी होतो, याचा मला राग येतो. घुमट आणि मिनार मोजत बसणाऱ्या नजरेला ही मशीद दिसतच नाही.

सांभाळले कोणी?

दोनशे वर्षे पाण्यात उभी असलेली इमारत केवळ चांगल्या बांधणीने टिकत नाही. पैसा लागतो आणि कारभार लागतो. पैशाची सोय मशिदीभोवतीच्या दुमजली इमारतींतून झाली. तळमजल्यावरच्या दुकानांचे भाडे मशिदीच्या खर्चाला येते. बाहेरून बाजार दिसतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की आतल्या कमानी त्या बाजारावरच तगल्या.

कारभार सुरुवातीला काझींच्या हाती होता. मग तक्रारी झाल्या, तंटे झाले, आणि कारभार कोकणी जमातीच्या संचालक मंडळाकडे आला. 1897 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने योजना ठरवून दिली: जमातीने निवडलेले संचालक आणि त्यांच्या देखरेखीखाली काम पाहणारा नाझर. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ असे आपण म्हणतो. इथे तळे राखणाऱ्यावर कोण नजर ठेवणार, हे न्यायालयाने लिहून दिले. दक्षिणेकडच्या दोन कमानी त्याच्या पुढच्याच वर्षी बांधल्या गेल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. जबाबदारी कोणाची हे ठरले की दुरुस्त्या अडत नाहीत.

याच विश्वस्त संस्थेकडे मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाचा कारभार आहे. अरबी, फार्सी आणि उर्दू हस्तलिखितांचा संग्रह असलेले मुहम्मदिया ग्रंथालयही या मशिदीशी जोडलेले आहे.

बाकीची तळी गेली, हे राहिले

या प्रकरणातला सर्वात कसोटीचा काळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आला. मुंबईत हिवतापाने थैमान घातले होते. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी 1911 मध्ये तपास करून अहवाल दिला. शहरातला हिवताप पसरवणारा डास विहिरी, टाक्या आणि हौदांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असा त्याचा रोख होता. पालिकेने विहिरी झाकायला आणि बुजवायला लावल्या. विहीर बंद करण्याला धार्मिक कारणांवरून विरोध झाला, विशेषतः पारशी समाजातून. शेवटी कित्येक विहिरींवर झाकण आणि बारीक जाळी बसवून तडजोड झाली.

बहुतेक तळ्यांच्या वाट्याला तडजोड आली नाही. धोबीतलावचे फ्रामजी कावसजी टँक, सी. पी. टँक, गोवालिया टँक, नवाब टँक, बाबुला टँक, दो टाकी, मुंबादेवीचा तलाव. काही आधी बुजले, काही या लाटेत. गोवालिया टँकच्या जागी मैदान झाले आणि 1942 मध्ये तिथून ‘चले जाव’ची घोषणा झाली. आजचा मुंबईकर रोज ही नावे घेतो, बसच्या पाटीवर वाचतो, पण त्या नावांखाली पाणी नाही.

जुम्मा मशिदीचे तळे मग का राहिले? भावनेच्या भरात ‘श्रद्धेने वाचवले’ असे म्हणणे सोपे आहे, पण मुंबादेवीच्या तलावामागेही श्रद्धा होतीच. मला कारणे जास्त ठोस वाटतात. हे तळे बुजवायचे तर मशिदीच्या पायांत भराव घालावा लागला असता आणि कमानींवरचा भार बदलला असता. ते रोज पाच वेळा वापरात होते, म्हणून त्याची निगा राखणारी माणसे रोज तिथे होती. त्यात मासे होते आणि मासे डासांच्या अळ्या खातात. आणि ते खाजगी हद्दीत, कोर्टाने ठरवून दिलेल्या कारभाराखाली होते. ज्या तळ्यांचा वापर नळ आल्यावर थांबला त्यांना वाली उरला नाही. ज्याचा वापर थांबला नाही ते टिकले. एका व्यापाऱ्याने अठराव्या शतकात घातलेली अट विसाव्या शतकात अशी कामी आली.

पुढे काय?

धोका आता वरून नाही, खालून आहे. झऱ्यांवर जगणारे तळे भोवतालच्या जमिनीतल्या पाण्यावर अवलंबून असते. जुन्या चाळी आणि इमारती पाडून उंच इमारती येत आहेत, त्यांना खोल तळघरे लागतात, आणि तळघर खणताना महिनोन्‌महिने पाणी उपसावे लागते. दक्षिण मुंबईच्या पोटातून भुयारी मेट्रोही आता धावते. सगळे रस्ते, गल्ल्या आणि चौक फरसबंद झाल्याने पावसाचे पाणी मुरायला जागा कमी. पातळी कायमची खाली गेली तर दोन गोष्टी होतील. एक, कायम पाण्याखाली राहिलेला दगड आणि त्याचे सांधे उघडे पडतील. ओले-कोरडे होण्याचा फेरा सांध्यांतल्या चुन्याला सर्वात जास्त खातो. दुसरे, तळाची माती कोरडी होऊन आकसली तर कमानींचे पाय कमी-जास्त खचू शकतात.

म्हणून तीन कामे तातडीने व्हावीत असे मी मांडतो. पूर्वेकडच्या पायऱ्यांवर पातळीची मोजपट्टी बसवून दर आठवड्याला नोंद ठेवावी. याला खर्च जवळजवळ नाही, आणि दहा वर्षांची अशी वही कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा जास्त सांगेल. तळ्याचा गाळ काढायची वेळ येईल तेव्हा सर्व कमानींचे, दगडागणिक, मोजमापांसह चित्रण करून घ्यावे, कारण त्या उघड्या दिसण्याची संधी क्वचितच येते. तेव्हा सांधे भरायचे झाले तर चुन्यानेच भरावेत. सिमेंट कडक होऊन ओल आत कोंडते आणि दगडाची कड फुटते. आणि आसपासच्या गल्ल्यांत खोल तळघराला परवानगी देताना पालिकेने पाणी उपशाचा परिणाम या तळ्यावर काय होईल हे आधी तपासून घ्यावे. जमीन देणाऱ्याने 1770 च्या दशकात जी अट मशीद बांधणाऱ्यांना घातली, तीच आज भोवतालच्या प्रत्येक नव्या बांधकामाला घातली गेली पाहिजे, आणि ती परवानगीच्या कागदावर लिहून.